यावेळी उपस्थित होते

शिक्रापुरात मी ज्यांच्या खोलीत चार वर्षं भाड्यानं राहिलो, ते आप्पा टीव्हीवर कबड्डी बघायचे ती पडद्याचा वरचा अर्धा भाग टॉवेलनं झाकून. टॉवेल वरच्या बाजूला कपडे वाळत घालायच्या दोन चिमट्यांनी अडकवलेला असे आणि आवाज पूर्ण बंद. खालच्या अर्ध्यात फक्त पाय पळताना दिसायचे. कॅमेरा लांब गेला की अर्धं मैदानच टॉवेलाखाली जायचं, मग आप्पा चरफडत उठायचे, टॉवेल वर सरकवायचे, पुन्हा बसायचे, तोवर चढाई संपलेली असायची. मग ते टीव्हीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे.

"तोंडं काय दावतोय भाड्या," म्हणायचे. "तोंडानं कोण आउट व्हतंय का?"

हे सगळं मला तेव्हा विनोदी वाटायचं. आप्पांच्या माघारी मी त्यांची नक्कलही करायचो आणि ती चांगली व्हायची. आज ती नक्कल आठवली तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. हे आप्पांवर लिहायला बसलोय, पण राग जास्त येणार आहे हे आधीच सांगून ठेवतो.

हायवेपासून आत गेलं की त्यांच्या बारा खोल्यांची एक सलग रांग होती. पुढं सिमेंटचा ओटा, ओट्याच्या टोकाला पाण्याची टाकी आणि टाकीच्या भिंतीवर एक फळा. कुठल्यातरी शाळेनं टाकून दिलेला, मधोमध चिरलेला. भाडेकरू सगळे कारखान्यांतले. लातूर-नांदेडची पोरं, बिहारचे दोन वेल्डर, एक उत्तर प्रदेशातला फोर्कलिफ्टवाला. सकाळी शिफ्टला निघायच्या वेळेला सगळे बादल्या घेऊन रांगेत उभे. मोटारीचं बटण आप्पांच्या खोलीत आणि आप्पांचा नियम असा, की फळा मोठ्यानं वाचल्याशिवाय मोटार चालू होणार नाही. रोज एकानं वाचायचा, बाकीच्यांनी ऐकायचा.

फळ्यावर आदल्या दिवशीच्या सामन्याची बातमी असायची. तालुक्यात कुठंही कबड्डी असो, जत्रेची असो, शाळेची असो, आप्पा मोपेडवर हजर. एक फळा मला अजून आठवतो : "काल पाबळ. उजव्या कोपऱ्यातल्या पोरानं तीन पकडी केल्या. तिन्ही घोट्याला. पंच बरा होता. पाहुणे आले नाहीत त्यामुळे सामना वेळेवर संपला."

त्या बिहारी वेल्डरांपैकी एकाला मराठी अक्षरं याच फळ्यावरून यायला लागली. त्याला सगळ्यात आधी वाचता आलेला शब्द 'पकड'. आप्पांना त्याचा इतका आनंद झाला, की त्या दिवशी त्यांनी मोटार तासभर चालू ठेवली आणि टाकी भरून ओट्यावर पाणी वाहिलं.

गंमत म्हणजे आप्पा स्वतः कबड्डी एकदाही खेळलेले नव्हते. शाळेत मास्तरांनी त्यांना ओल्या पायानं फरशीवर चालायला लावलं, फरशीवर सपाट पाऊल उमटलं, आणि मास्तर म्हणाले, तू बाहेर बस. साठ वर्षं आप्पा बाहेर बसून होते. पण काय बसले होते! चेहऱ्यानं ते माणूस ओळखत नसत. नवा भाडेकरू आला की आधी त्याच्या पायांकडं बघायचे. माझ्याही बघितले होते. मी खोली विचारायला गेलो तेव्हा त्यांनी माझे पाय न्याहाळले आणि म्हणाले, "तू उभा ऱ्हातोस तवा तुझं वजन टाचंवर. म्हंजी पळून जायच्या तयारीत. काय करतोस?"

मी म्हणालो, पत्रकार आहे.

"आसं," ते म्हणाले, आणि किल्ली दिली.

पत्रकार म्हणजे मी पुण्याच्या एका दैनिकाचा वार्ताहर होतो. अजूनही आहे. बातमीवर नाव येत नाही, नुसतं 'वार्ताहर' येतं. ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना खेळाची बातमी आमच्याकडं कशी लिहितात ते सांगायला पाहिजे. उद्‌घाटन कुणाच्या हस्ते, अध्यक्षस्थानी कोण, प्रमुख पाहुणे कोण, हे पहिल्या दोन परिच्छेदांत. मग 'यावेळी' हा शब्द आणि त्यापुढं सरपंच, माजी सरपंच, चेअरमन, व्हाइस चेअरमन, युवा नेते अशी नावांची रांग. मग 'आदी मान्यवर उपस्थित होते'. सूत्रसंचालन, आभार. जागा उरली तर कोण जिंकलं. एक नाव राहिलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला फोन येतो आणि खेळाडूचं नाव राहिलं तर कुणाचाच येत नाही.

म्हणजे आप्पांच्या खोलीत राहायला जाईपर्यंत खेळाडूंबद्दल मला कुणी विचारत नव्हतं. आप्पा माझी प्रत्येक बातमी लाल पेननं तपासायचे. मान्यवरांची नावं खोडायचे आणि जे उरेल ते मला वाचून दाखवायला लावायचे. एकदा सगळं खोडून झाल्यावर फक्त 'आणि' हा शब्द उरला होता.

"वाच," ते म्हणाले.

"आप्पा, पोरांची शिफ्ट... मलाही काम आहे."

"वाच की. तुझीच बातमी हाय."

मी 'आणि' असं वाचलं. रांगेतली पोरं हसली. मला भयंकर राग आला होता. हा म्हातारा स्वतःला समजतो कोण? याला माहीत आहे का, माझं पोट कशावर चालतं? नेत्याच्या वाढदिवसाची पुरवणी निघते ती कुणाच्या शुभेच्छांच्या जाहिरातींवर? मी असलं बरंच काही पुटपुटलो. आप्पा खाली माझ्या पायांकडं बघत होते.

"टाचंवर आलास," ते म्हणाले.

आता वैशालीचं सांगतो. कवठे येमाईच्या मुलींचा एक संघ होता आणि वैशाली त्याची कर्णधार. डाव्या कोपऱ्यात उभी राहायची. वडिलांची शेवंती आणि झेंडू. पहाटे फुलं तोडून मग सरावाला यायची. आप्पांचं तिच्याशी नातं काहीच नव्हतं. ते दोन वर्षांत तिच्याशी दोन वाक्यंसुद्धा बोलले नसतील. पण तिचा सामना कुठंही असला, की ते मैदानाच्या डाव्या कोपऱ्याला, अंतिम रेषेच्या मागं, गुडघ्यात वाकून बसलेले असायचे. लोक विचारायचे, "आप्पा, तुमची कोन ही?"

"कोपऱ्यात हुभी ऱ्हाती," एवढंच सांगायचे.

तिच्या घरात मात्र ठरलेलं होतं. जिल्ह्याच्या संघात निवड झाली तर खेळू द्यायचं, नाहीतर येत्या उन्हाळ्यात लग्न. हे तिनं संघातल्या मुलींना सांगितलं होतं, मुलींनी कुणाकुणाला, आणि शेवटी आप्पांना. जिल्ह्याचे निवड करणारे दौंडच्या स्पर्धेला येणार होते. उपांत्य फेरीत कवठ्याची गाठ दौंडच्याच संघाशी पडली.

आप्पांनी मला मोपेडवर मागं बसवलं आणि तळेगाव, न्हावरे करत आम्ही दौंडला गेलो. वाटेत ट्रक अंगावर आले तरी ते पुढच्या गाडीच्या चाकाकडं बघून चालवत होते. मी जीव मुठीत धरून बसलो होतो. मला त्या सामन्याची बातमी द्यायची होतीच, कारण तिथं एक बडे नेते येणार होते आणि आठ दिवसांनी त्यांचा वाढदिवस होता.

मातीचं मैदान, फक्कीच्या पांढऱ्या रेषा. चारी कोपऱ्यांना एकेक लोखंडी खुंट ठोकलेला आणि प्रत्येक खुंटाला लाल चिंधी बांधलेली. दोरी खुंटाला बांधून रेषा सरळ मारायची म्हणून ते खुंट असतात. आप्पांनी गेल्या गेल्या चारी खुंट बघून घेतले आणि मग आपल्या कोपऱ्याला बसले. पहिल्या डावात वैशालीनं चार पकडी केल्या. कवठं दोन गुणांनी पुढं होतं.

मध्यंतराला नेते आले.

मध्यंतर पाच मिनिटांचं असतं. ते पस्तीस मिनिटं चाललं. आमच्याकडं पाहुणे मैदानाबाहेर थांबत नाहीत, त्यांना खेळाडूंची ओळख करून द्यावी लागते. म्हणजे पाहुण्यांनी बूट घालून मैदानात यायचं, दोन्ही संघांनी रांगेत उभं राहायचं, हस्तांदोलन, फोटो. मग दोन्ही कर्णधारांनी पाहुण्यांना हार घालायचा. वैशाली अंगावरच्या घामावर वारं घेत पस्तीस मिनिटं हार धरून उभी होती. हाराच्या फुलांकडं बघून शेजारच्या मुलीला म्हणाली, "शेवंती आमचीच हाय ही." नेत्यांबरोबर दहा जण होते, म्हणजे सगळे मिळून अकरा. ते अकराच्या अकरा मंडपातून अंतिम रेषा तुडवत आले आणि तीच तुडवत परत गेले. मी फोटो काढले. डाव्या कोपऱ्याची रेषा चांगली आठ-दहा हात पुसून गेली.

एका कार्यकर्त्यानं फक्कीचा डबा घेतला आणि दोरीबिरी न लावता, चालत चालत, नेत्यांचं भाषण ऐकत ऐकत नवी रेषा ओढली. ती खुंटापासून वीतभर आत आली.

मी ते बघितलं. खोटं कशाला सांगू, मला ते दिसलं होतं. पण मी तेव्हा नावं लिहून घेत होतो, आणि अकरावं नाव कुणाचं ते मला कळत नव्हतं.

आप्पा उठून ओरडायला लागले. "आरं रेषा आत आली! खुंट बघ, खुंट!"

पंच म्हणाले, "आप्पा, रेषा दोन्ही संघांना सारखीच आहे."

"सारखी कशी? मगाशी हितं दौंडच्या पोरी हुत्या, तवा रेषा खुंटाला हुती. आता कवठ्याच्या हायेत आन् रेषा वीतभर आत. सारखी कुटं हाय?"

बरोबर होतं. मध्यंतरानंतर बाजू बदलतात, हे शेंबड्या पोराला कळतं. पण माइकवरून आवाज आला, "ज्येष्ठ मंडळींनी सहकार्य करावं," आणि दोन स्वयंसेवकांनी त्यांना दंडाला धरून मागं नेलं. ते सुटून परत आले आणि सरळ त्या खुंटावर जाऊन बसले. लाल चिंधीवर, ओरडत. लोक हसत होते. चौघांनी मिळून त्यांना उचललं, त्यात त्यांची एक चप्पल मैदानात राहिली. मी लोकांच्यात उभा होतो आणि आपण यांच्याबरोबर आलोय हे कुणाला कळू नये म्हणून मी मोबाईलमध्ये तोंड घातलं होतं.

शेवटच्या मिनिटाला दोन्ही संघ बरोबरीत. दौंडची मुलगी चढाईला आली. वैशालीनं तिचा घोटा असा धरला, की मैदानात आवाजच बंद झाला. मी फोटो काढला. पंचांची शिट्टी वाजली आणि त्यांनी बोट वैशालीकडं दाखवलं. पकडीच्या आधी तिचा मागचा पाय रेषेबाहेर पडला होता. म्हणजे ती बाद, पकड रद्द, गुण दौंडला. कवठं एका गुणानं हरलं.

वैशाली रडली नाही. ती खाली वाकून नव्या रेषेकडं आणि मग खुंटाकडं बघत राहिली. मग तिनं पंचांना हातानं दोन्हीमधलं अंतर दाखवलं. पंच गुणपत्रकावर सही करायला गेले.

सामन्याचं थेट प्रक्षेपण एका यूट्यूब चॅनेलवर होतं. त्या पोरानं ड्रोन आणला होता. आप्पांनी दुसऱ्या दिवशी भाडेकरूंच्या मोबाईलवर ते सगळं बघितलं, आणि त्या शेवटच्या चढाईला ड्रोन मंडपावर होता. खालून नेते हात हलवत होते, वर सनई वाजत होती, आणि कोपऱ्यातून नुसता शिट्टीचा आवाज ऐकू येत होता.

माझी बातमी तिसऱ्या पानावर आली. फोटो तीन कॉलम, सत्काराचा. अकराही नावं, पदांसकट. शेवटचं वाक्य मी लिहिलं होतं : 'कर्णधाराचा पाय रेषेबाहेर गेल्याने कवठे येमाई संघाला एका गुणाने पराभव पत्करावा लागला.' डेस्कवरच्या कुणीतरी त्याचं छोटं उपशीर्षक केलं : 'कर्णधाराची चूक भोवली'. ते मी लिहिलं नव्हतं, असं मी पुढं कितीतरी दिवस लोकांना सांगत होतो. पण मला कुणी विचारलं नव्हतंच.

सकाळी आप्पा एका पायात चप्पल घालून माझ्या दारात आले. हातात पेपर.

"पाय कुटं गेलं?" त्यांनी विचारलं.

मला कळेना.

"ह्या फोटुत. सगळी गुडघ्यापासनं वर. पाय कुटं गेलं?"

"जागेसाठी कापतात आप्पा. पुण्याला कापतात."

"तुझ्या मोबाईलात आसतील की. आख्खा फोटू. खुंटासकट. आन् शेवटच्या पकडीचाबी काडला तू, मी बघितलं."

माझ्या मोबाईलमध्ये दोन्ही होते. मी रात्रीच बघितले होते. एकाच जागेवरून काढलेले. एकात जुनी रेषा सरळ खुंटाला भिडलेली आणि तिच्यावर नेत्यांचा काळा बूट. दुसऱ्यात नवी रेषा खुंटाच्या वीतभर आत, आणि मधल्या जागेत वैशालीची टाच. जुनी रेषा जागेवर असती तर पाय चांगला चार बोटं आत. आंधळ्यालाही दिसलं असतं.

"डिलीट झाले," मी म्हणालो.

आप्पांनी माझ्या चेहऱ्याकडं बघितलं. चार वर्षांत पहिल्यांदा आणि शेवटचं. पायांकडं त्यांनी नजरसुद्धा टाकली नाही.

"एक वळ छाप," ते म्हणाले. "रेषा हलली हुती, तिचा पाय आत हुता. बास. दुसरं काय मागत न्हाई."

"आप्पा, असं छापत नाहीत. पंचांचा निर्णय असतो. आणि ती हरली, संपलं ना आता! एका गुणानं जगबुडी होत नाही. तुमचं आयुष्य गेलं लोकांचे पाय बघण्यात, म्हणून सगळ्यांनी तेच करायचं का?"

मी ओरडलो होतो. खोल्यांतली पोरं बाहेर आली. आप्पा पेपर घेऊन निघून गेले.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर एकच ओळ होती : "तिचा पाय आत होता."

तिसऱ्या दिवशी तीच. चौथ्या दिवशीही तीच. आप्पांनी दुसरी बातमी लिहिणं सोडून दिलं. रोज सकाळी ओल्या फडक्यानं फळा पुसायचे आणि तीच ओळ पुन्हा नव्यानं लिहायचे. बादल्यांची रांग लागायची, एकजण मोठ्यानं वाचायचा, "तिचा पाय आत होता," आणि मोटार सुरू व्हायची. तो बिहारी वेल्डरही वाचायचा, "तिचा पाय आत होता," आणि माझ्याकडं बघायचा. एकदा त्यानं मला विचारलं, "भैया, किसका पैर?" मी बादली उचलून चालायला लागलो. मला त्या म्हाताऱ्याचा असा संताप यायचा की एका सकाळी मी फडकं घेऊन फळा पुसला. आप्पा आले, त्यांनी पुन्हा लिहिलं, आणि वाचायची पाळी माझ्यावर आणली. मी वाचलं नाही. त्या दिवशी कुणालाच पाणी मिळालं नाही, पोरं बिनआंघोळीची शिफ्टला गेली, आणि जाताना शिव्या मला देऊन गेली, आप्पांना नाही.

महिना संपला आणि मी खोली सोडली. किल्ली द्यायला गेलो तर ते टॉवेल लावून टीव्ही बघत होते. "ठेव तितं," म्हणाले.

जिल्ह्याच्या यादीत वैशालीचं नाव नव्हतं. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. ही बातमी कुठं छापून आली नाही.

याला सहा वर्षं झाली. मोबाईल तीन बदलले. प्रत्येक वेळी ते दोन फोटो मी जुन्यातून नव्यात घेतले. पुसले नाहीत आणि दाखवलेही नाहीत. का, ते विचारू नका. मला सांगता येत नाही म्हणून मी अजून चिडतो.

गेल्या महिन्यात शिरूरच्या एसटी स्टँडवर एक बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. कडेवर मुलगी.

"तुम्ही पेपरवाले ना? दौंडची मॅच तुम्हीच दिली हुती?"

मी ओळखलं. हो म्हणालो.

"सासरी आजून हायेत ती पेपराची कात्रणं," वैशाली म्हणाली. "माहेरच्या कुनीतरी कौतुकानं दिली, फोटू छापून आला म्हनून. मी काय बोलले की काढत्यात. म्हनत्यात, हिची चूक पेपरात छापून आलीय. मी किती सांगते, माझा पाय आत हुता. पर छापलेलं म्हंजी खरंच की वो."

तिथं, गाड्यांच्या धुरात, मी मोबाईल काढला आणि तिला ते फोटो दाखवले. कडेवरच्या मुलीला खाली उतरवून तिनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. बूट बघितला. खुंट बघितला. आपली टाच बघितली. कितीतरी वेळ.

"तवापासनं तुमच्याकडं हाय हे?"

"हो."

मला वाटलं ती रडेल. तिनं मोबाईल माझ्या छातीवर जवळजवळ आपटला.

"मला कशाला दावता? मला ठावं हुतंच. ज्यांना ठावं न्हाई त्यांना दावा की!"

तिची गाडी लागली. ती मुलीला उचलून गर्दीत घुसली, कोपरानं जागा करत, आणि मागं वळून बघितलं नाही.

मी ऑफिसला फोन केला. सगळं सांगितलं. उपसंपादक नवीन होता, बिचारा शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "सहा वर्षांपूर्वीचा ना? घेता येणार नाही. बरं, फोटोत नेते आहेत म्हणालात, ते सध्या कोणत्या पदावर आहेत?" मी फोन ठेवला. ते आता तेव्हापेक्षा बरेच वरच्या खुर्चीवर आहेत आणि माझ्या पत्रकाराच्या ओळखपत्रावर सही लागते ती त्यांच्याच माणसाची.

शिरूरमध्येच दोन्ही फोटो मोठे छापून घेतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला शिक्रापूरला गेलो. खोल्या त्याच, भाडेकरू सगळे नवे. बादल्यांची रांग लागलेली. फळा तोच, चीर जरा रुंद झालेली. फळ्यावर कुणा भाडेकरू पोराच्या अक्षरात तालुक्यातल्या कुठल्याशा सामन्याची बातमी होती, आणि सगळ्यात वर, कोपऱ्यात, बारीक अक्षरात : "तिचा पाय आत होता." सहा वर्षं.

आप्पा खुर्चीवर बसले होते. डोळे जवळजवळ गेलेत आता, मोतीबिंदू. मी बोलायच्या आधीच म्हणाले, "टाचंवर चालत आलास." मी फोटो त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते डोळ्यांना लावून बघितले, आधी एक, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. नुसते खालचे अर्धे.

मी म्हणालो, "आप्पा, डिलीट झाले नव्हते."

"मला ठावं हाय," ते म्हणाले आणि खिशातला खडू काढून माझ्यापुढं धरला. "मला वाचायला येत न्हाई आता नीट. मोठं लिही."

मी फळा पुसला. दोन्ही फोटो वर चिकटवले. खाली लिहिलं : "दौंडच्या सामन्यात मध्यंतरात अंतिम रेषा पुसली गेली आणि वीतभर आत ओढली गेली. वैशालीचा पाय आत होता. सहा वर्षांपूर्वीची आमची बातमी खोटी होती." आणि बाजूला झालो. रांगेतल्या एका नांदेडच्या पोरानं मोठ्यानं वाचलं. आप्पांनी मान तिरकी करून ऐकलं.

"रेषा कुनी पुसली, ते न्हाई लिवलं."

मला माझं ओळखपत्र आठवलं, खोलीचं भाडं आठवलं, बायको आठवली.

"लिही की," आप्पा म्हणाले. "नावं लिवायची तुला सवय हाय."

त्यांना टोमणा मारायचा होता असं वाटत नाही. साधंच म्हणाले. मला मात्र असा काही राग आला, आप्पांचा, माझा, त्या काळ्या बुटाचा, की खडू मोडला. उरलेल्या तुकड्यानं मी लिहिलं : "यावेळी उपस्थित होते." आणि त्याच्या खाली अकराही नावं, तेव्हाच्या पदांसकट, बातमीत आली होती त्याच क्रमानं. एकही विसरलो नव्हतो. अकरावं संपल्यावर बारावं लिहिलं, आणि त्यापुढं 'वार्ताहर'.

पोरांनी सगळं वाचलं. मोटार सुरू झाली. एकानं बादली खाली ठेवून फळ्याचा फोटो काढायला मोबाईल वर केला.

"आख्खा घे रं," आप्पा त्याला म्हणाले. "खालचं कापू नकोस."

सगळ्यात खाली माझं नाव होतं.